सुरवंटांनी नाकारलेलं झाड

काल सकाळी तोंड धुवायला मागच्या अंगणात गेले, तर शेवग्याच्या बुंध्याला पुन्हा घोंगडी चढलेली. ज्यांच्या दारात शेवगा नाही त्यांच्यासाठी सांगते: घोंगडी म्हणजे सुरवंट. करड्या केसांचे, बोटाएवढे. रात्रभर वर पाला ओरबाडतात आणि उजाडायच्या सुमारास खाली उतरून बुंध्यावर एकमेकांच्या अंगावर अंग टाकून पडून राहतात. लांबून वाटतं, कोणीतरी जुन्या कांबळ्याचा तुकडा झाडाला गुंडाळलाय. जवळ गेलं की कांबळं हलतं.

आई आतून म्हणाली, हात लावू नकोस; जशी काही मी त्यांना ओंजळीत घेणार होते. पलीकडच्या अंगणातून माईंचा आवाज आला की यंदा हवाच खराब आहे बाई. झालं. श्रावण लागला की आमच्या वसाहतीत हवेवर खटला भरतात. हवा बिचारी कोणाची भाडेकरू नाही, तिला नोटीस देता येत नाही, म्हणून दरवर्षी ती सुटते. एका वर्षी मात्र हवेऐवजी दुसरा आरोपी सापडला होता. तो श्रावण आठवला की माझ्या अंगाची लाही होते. सुरवंटाचा केस लागला तर खोबरेल चोळून खाज जाते. ही जात नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

नौपाड्यातली आमची वसाहत म्हणजे बैठ्या कौलारू घरांच्या दोन रांगा, मध्ये बोळ, शेवटी विहीर आणि विहिरीपलीकडे संडास. राहणारे सगळे नोकरदार. कोणी रेल्वेच्या हिशेबखात्यात, कोणी शाळेत मास्तर, आमचे बाबा पोस्टात. कोणी कोकणातून आलेलं, कोणी देशावरून. पण चार वर्षांत अशी बोलायला लागलेली की जणू शिलाहारांच्या काळापासून यांचं रेशनकार्ड ठाण्याचंच.

या वसाहतीत नवं बिऱ्हाड आलं की अप्पा आणि माई त्यांच्याकडे शेवग्याची फांदी घेऊन जायचे. अप्पा म्हणजे वसाहतीच्या समितीचे चिटणीस, आणि माई त्यांची पत्नी. मनगटाएवढी जाड फांदी, वरच्या कापावर शेणाचा गोळा थापलेला, खालचं टोक ओल्या गोणपाटात. सोबत नारळ. माईंचा शेवगा त्यांच्या माहेरून, अलिबागकडून आलेला. शेंगा हातभर लांब, गराने भरलेल्या, आणि इतक्या गोड की आमटीत गूळ घालताना बायका हात आखडता घ्यायच्या. फांदी रोवली की महिन्याभरात कोंब, वर्षात शेंगा. ज्याला फांदी मिळाली त्याने पुढे ती दुसऱ्याला द्यायची. आमच्या घरी आलेली फांदी बाबांनी स्वतः रोवली होती, धोतर खोचून, आणि संध्याकाळी आंघोळ करून पुन्हा बघायला गेले होते की अजून उभी आहे ना.

किती प्रेमळ चाल! मीही तसंच म्हणायचे. पाहुण्यांना सांगायचे की आमच्याकडे कोणाच्या घरी आमटी केली तरी चव एकच लागते. यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे, हे विचारायला मला सुरवंट यावे लागले.

बी पेरलं असतं तर प्रत्येक झाड आपापल्या नशिबाचं निघालं असतं. एक गोड, एक तुरट, एक उशिरा पालवणारं, एक नुसतंच उंच. पण शेवग्याचं बी कोण पेरतो? बियाचा भरवसा नाही म्हणतात. भरवसा फांदीचा. फांदी म्हणजे तेच झाड, पुन्हा.

त्या वर्षी आषाढ ओसरता ओसरता सुरवंट आले, ते असे आले की विचारू नका. बुंधे दिसेनात. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय अंगात घालता येईनात. विहिरीच्या काठावर सुरवंट, छत्रीच्या घडीत सुरवंट, एकदा अप्पांच्या टोपीत. रात्री सगळं निजलं की कौलांवर बारीक सरसर ऐकू यायची. पाऊस वाटायचा, पण ती खाऊन टाकलेल्या पाल्याची आणि त्यांच्या लेंड्यांची पडझड असायची. सकाळी अंगणात काळ्या मोहऱ्या सांडल्यासारखं. पोरांच्या मानांवर लाल चट्टे. हिवतापाची फवारणीवाली माणसं आली तेव्हा बायकांनी त्यांना झाडं दाखवली. ते म्हणाले आमचं काम भिंतींचं, झाडांचं नाही, आणि डीडीटीचा वास मागे ठेवून निघून गेले.

मग समितीने चूड काढायची ठरवली. बांबूच्या टोकाला चिंध्या, चिंध्यांना रॉकेल, आणि तिन्हीसांजेला घरोघर फिरून बुंधे शेकायचे. हे काम माझ्या गळ्यात पडलं. कारण साधं होतं. मी तेव्हा कॉलेज सोडून मोर्च्यांमध्ये आणि पत्रकांमध्ये होते. नळाच्या पाण्याची पत्रकं, रेशनच्या किडक्या ज्वारीची पत्रकं, सायक्लोस्टाइलच्या शाईने बोटं कायम काळी. अप्पा म्हणाले, मशाली धरायची सवय आहे पोरीला, धरू दे. सगळे हसले. मीही हसले. केस जळाल्याचा तो वास मात्र अजून नाकात आहे. सुरवंट जळताना आवाज करत नाहीत. नुसते गोळा होऊन सुटतात, टपटप.

घरोघर फिरताना माणूस जे बघायला गेला नाही तेही बघतो. एकेका घरी बुंधा भाजत पुढे जायचं, आणि शेवटी विहिरीपलीकडे, देवीबाईच्या शेवग्यापाशी. तिथे भाजायला काही नसायचं.

देवीबाई सिंधी. फाळणीनंतर आधी कल्याणच्या कॅम्पात होती, मग नवरा आणि म्हातारे सासरे यांच्यासह आमच्या वसाहतीच्या टोकाच्या खोलीत भाड्याने आलेली. नवरा पहाटे पापडांचे डबे घेऊन निघायचा. ती दिवसभर लाटायची. सासरे ओसरीतल्या खाटेवर असायचे, डोळ्यांनी जवळजवळ अधू. त्यांना फांदी कोणी दिली नव्हती. विसरले असतील, असं आई म्हणते. आई फार चांगली बाई आहे, तिला सगळेच विसरलेले वाटतात.

तर देवीबाईने स्वतःच बी पेरलं. संडासाकडच्या पडीक तुकड्यात, जिथे कोणी नाक धरल्याशिवाय जात नसे. वसाहतीत कहाणी अशी होती की हे बी तिने सिंधहून पदराच्या गाठीत बांधून आणलं. मी तिला विचारलं तर ती पापडाचं पीठ कुटता कुटता हसली. म्हणाली, गाठीत बांधायला तेव्हा सुचलं असतं तर सोनं नसतं बांधलं? बी कॅम्पातलं होतं. मिलिटरीच्या जुन्या बराकीमागे एक झाड होतं, त्याच्या सुकलेल्या शेंगेतलं.

ते झाड वाढलं, आणि शेंगा निघाल्या कडूजहर. आमच्या बायकांनी एकदा आमटीत घालून पाहिल्या आणि आमटी गटारात ओतली. तेव्हापासून ते कडू झाड. देवीबाईला त्याचं काहीच नव्हतं. तिला शेंगा नकोच होत्या. तिला फुलं हवी होती. शेवग्याला ती सुहांजडो म्हणायची. त्याची फुलं उकळून, पिळून, पुन्हा उकळून, कांदा-दह्यात शिजवायची. सासरे एरवी दोन घास खाऊन ताट सरकवायचे; फुलांची भाजी असली की पोळी मागून घ्यायचे. दिवसातून एकदा तरी विचारायचे, फुलं आली का. ती म्हणायची, येतील. म्हाताऱ्यांच्या आयुष्यात त्यापलीकडे मागणं असं उरलेलं नव्हतं.

कोणी म्हणेल, वसाहतीत एवढे शेवगे, फुलं कुठलीही घ्यावीत. ती मागायला गेली होती माईंकडे, पहिल्याच वर्षी. माई म्हणाल्या, फुलं तोडली तर शेंगा कुठून येणार? बरोबर आहे. गोड झाडाची फुलं महाग असतात. कडू झाडाची फुलं तेवढी तिची होती.

तर त्या झाडावर सुरवंट नव्हते. अगदीच नव्हते असं नाही. चार-सहा दिसायचे, लहानखुरे, काडीसारखे, पानाच्या कडेला तोंड लावून सोडून दिल्यासारखे. पाला हिरवागार. आमच्या झाडांच्या उघड्या काठ्या झालेल्या आणि हे झाड पावसात न्हाऊन उभं. मी चूड विझवून त्याच्याखाली थांबायचे, कारण वसाहतीत डोक्यावर काही पडणार नाही अशी तेवढी एकच जागा होती.

मला राहवेना. मी घरातल्या लोणच्याच्या दोन बरण्या घेतल्या. एकीत आमच्या झाडाचा पाला, दुसरीत देवीबाईच्या. दोन्हींत आमच्याच बुंध्यावरचे नुकते मोठे होऊ लागलेले सुरवंट, चिमट्याने उचलून. तोंडाला फडकं. रोज ताजा पाला. आईला बरण्यांचा पत्ता लागला तेव्हा तिने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. सारांश असा की पोरीचं लग्न आता कुठलं होतंय. पण बाबा येऊन बघायचे. पोस्टातून आले की चष्मा कपाळावर चढवून वाकायचे आणि म्हणायचे, तुझी ही मंडळी बाळसं धरतायत बरं का. हे पहिल्या बरणीबद्दल. दुसरीतले पाल्याला तोंड लावायचे आणि वर फडक्यापर्यंत चढून बसायचे, बाहेरची वाट शोधत. बरेचसे वाळून मेले. सगळे मेले असं मी म्हणणार नाही, पत्रकात तसं लिहायचा मोह झाला होता तरी. काही जगले, पण पहिल्या बरणीतले कातडी टाकून अंगठ्याएवढे झाले तेव्हा हे अजून काडीच होते.

पाला दिसायला तोच. तीच तीनदा फुटलेली पानं, तोच हिरवा रंग, चुरगळला तर तोच वास. कुठल्याही शाळेत दोन्हींखाली शेवगा असंच लिहिलं असतं. फरक सुरवंटाच्या तोंडाला कळत होता. आणि एका रात्री, बरण्यांकडे बघत, मला ते कळलं जे रोज चूड घेऊन फिरताना कळायला हवं होतं. आमच्या वसाहतीत पंधरा-सोळा शेवगे नव्हतेच. माईंचा एकच शेवगा पंधरा-सोळा अंगणांत उभा होता. ज्या सुरवंटाला तो एका दारी मानवला त्याला सगळी वसाहत मानवली. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना त्याला कुठे अडखळावं लागलं नाही, कुठे तोंड वाकडं करावं लागलं नाही, कुठे उपाशी राहावं लागलं नाही. आम्ही त्याच्यासाठी पंगत मांडली होती, आणि प्रत्येक पानावर त्याच्या आवडीचंच वाढलं होतं.

त्याच दिवसांत मी खाडीच्या बांधाची पत्रकं वाटायला कोलशेतला गेले होते. भातावर अळी पडली होती. बांधावरून चालताना बघावं तर एक खाचर पार खाल्लेलं, नुसते खुंट. आणि शेजारचं, खाऱ्या पाण्याकडचं, लाल तांदळाचं, कडेने कुरतडून सोडलेलं. मध्ये बांध केवढा, तर माझ्या दोन पावलांएवढा. अळीला बांध ओलांडता येत नव्हता असं थोडंच आहे. तिथल्या घरांतून दोन-तीन जातींचं भात असायचं, काही विकायला, काही खायला, काही नुसतं सासरहून आलं म्हणून. त्यांनी ते अळीचा विचार करून पेरलं होतं असा माझा दावा नाही. पण त्यांच्या डोळ्यांपुढे सगळं शिवार एकाच वेळी गेलं नाही, एवढं मी पाहिलं. चिखलात रुतत परत येताना मला आमच्या गोड आमटीचा राग आला, पहिल्यांदाच.

मी पत्रक लिहिलं. दुसरं मला येत काय होतं? "शेवगा आणि शेवगा एक नाही" असं वर मोठ्या अक्षरांत. खाली साधं लिहिलं की सगळी झाडं एकाच फांदीची आहेत म्हणून सगळी खाल्ली जातायत. बी पेरा, वेगवेगळ्या गावचं आणा, थोडं कडूही राहू द्या. मोर्चेवाल्या संघटनेच्या कार्यालयातले सोबती म्हणाले, इंदू, आता सुरवंटांची युनियन काढ, निदान एकजूट तरी दिसते त्यांच्यात. ते हसणं मी सहन केलं. वसाहतीतलं हसणं निराळं होतं. तिथे पत्रकावर वाटाणे खाल्ले आणि वाटाणे संपल्यावर ते वाचलं, आणि वाचून निष्कर्ष काय काढला? की कडू झाड निराळं आहे. बस. पुढचं कोणी वाचलंच नाही.

निराळं आहे, मग ते इथे कशाला? हा प्रश्न आधी विहिरीवर निघाला, मग बोळात, मग समितीत गेला. कोणीतरी शोध लावला की सुरवंट कॅम्पातून आले. बी कॅम्पातलं, तर अंडीही त्यातूनच आली असणार. त्या झाडावर सुरवंट का नाहीत? तर तिथे ते जन्मतात आणि खायला आमच्याकडे येतात. हे बोलणारी माणसं मॅट्रिक पास होती हो. हिशेबात आण्याची चूक काढणारी. त्याआधीच्या वर्षांतही सुरवंट होते, तेव्हा हे झाड रोपटंही नव्हतं, हे सगळ्यांना आठवत होतं. आठवणं आणि बोलणं यांच्यामध्ये जी जागा असते तिथेच अशी कामं उरकतात.

बैठक रविवारी सकाळी, अप्पांच्या ओटीवर. देवीबाईच्या घरी निरोप गेला नव्हता. भाडेकरू सभासद नसतात. मी दोन्ही बरण्या घेऊन गेले आणि सतरंजीच्या मधोमध ठेवल्या. चहाच्या कपांशेजारी सुरवंट. एका काकांनी कप उचलून मांडीवर घेतला.

मी सांगायचं ते सांगितलं. अप्पा शांतपणे ऐकत होते; ते ओरडणारे गृहस्थ नाहीत, म्हणूनच त्यांचं चालतं. शेवटी म्हणाले, "म्हणजे आमचा गोड शेवगा वाईट, आणि त्या बाईचा कडू चांगला. असंच ना?"

"वाईट नाही, अप्पा. सगळी झाडं एकच आहेत, एवढंच म्हणतेय. एकाला जे बाधतं ते सगळ्यांना बाधतं."

"अगं, एक आहोत म्हणून तर वसाहत आहे."

यावर माना अशा डोलल्या की जणू कीर्तनात नेमकी सम सापडली. मी म्हटलं की बुंधे शेकून झाडं मरतायत, सुरवंट मरत नाहीत. कोणीतरी म्हणालं, सुरवंट पाळणाऱ्या पोरीने आम्हाला शिकवू नये. मी म्हटलं, ते झाड तोडलंत तर विहिरीकडची तेवढीच सावली जाईल, त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या तोंडचा घास जाईल, आणि सुरवंट आहेत तिथेच राहतील. अप्पा म्हणाले, जागा समाईक आहे, झाड समितीला न विचारता लावलंय. हा सुरवंटांचा नाही, शिस्तीचा प्रश्न आहे. असा प्रश्न बदलता येतो हे मी तोवर फक्त मोठ्या सभांमध्ये पाहिलं होतं.

ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा.

हात वर गेले. बाबांचा हात गुडघ्यावर होता. त्यांनी बरण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे न बघता डावीउजवीकडे पाहिलं, आणि हात वर गेला. पूर्ण वर नाही. कानापर्यंत. मोजायला तेवढा पुरला.

घरी आल्यावर मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "चार माणसांत राहायचं असतं, बाळ. एका झाडासाठी काय वैर करायचं."

"ते एकच वेगळं होतं, बाबा. तुम्ही स्वतः बघितलं होतंत. रोज बघत होतात."

ते घड्याळाला किल्ली देऊ लागले. घड्याळाला सकाळीच किल्ली दिलेली होती.

भाद्रपदात झाड उपटलं. तोडलं असं मी म्हणत नाही, कारण तोडलेला शेवगा पुन्हा फुटतो हे अप्पांना ठाऊक होतं. म्हणून मुळापासून खणायला माणसं लावली. शेवग्याचं मूळ कधी फोडून पाहिलंय? मोहरी फेसल्यासारखा वास येतो, तिखट, नाकातून थेट डोळ्यांत. त्या दिवशी विहिरीशी उभ्या असलेल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्याचं श्रेय मुळालाच द्यायला हवं.

झाडाला कळ्या धरल्या होत्या. काही उमलल्याही होत्या, मोतिया रंगाच्या, मधमाश्या अजून सोडायला तयार नव्हत्या. झाड आडवं झालं तशी देवीबाई परात घेऊन आली. फांद्यांमध्ये बसली आणि कळ्या, फुलं, अर्धी फुलं, सगळं खुडायला लागली. खणणारी माणसं कुदळी टेकून थांबली. अप्पांनी घड्याळ पाहिलं. मी तिच्याबरोबर बसून खुडू लागले, तेव्हा तिने मला परातीची एक बाजू दिली एवढंच. संध्याकाळी त्यांच्या खोलीतून कांदा आणि दह्याचा वास आला. म्हाताऱ्यांनी पोळी मागून घेतली असं ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून त्यांनी विचारलं, फुलं आली का.

दिवाळीच्या आधी ते लोक कल्याणला कॅम्पात परत गेले. वसाहतीने खड्डा बुजवला. तिथे आता सायकली ठेवतात.

मला अजूनही कोणी म्हणतं की पोरी, एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय. एवढीशीच आहे. पण विचार करा. ज्या झाडामुळे सुरवंटाची वाट एका जागी तरी तुटत होती तेच आम्ही शोधून काढलं, आणि शोधून काढलं ते उपटायला. सुरवंटाला मी दोष देत नाही. त्याला जे मानवतं ते तो खातो, जे मानवत नाही त्याला तोंड लावून बाजूला होतो. न मानवलेल्या झाडाविरुद्ध तो बैठक बोलावत नाही.

पुढच्या श्रावणात ते पुन्हा आले. यायचेच होते. आधीच्या वर्षी भाजलेल्या बुंध्यांमुळे काही अंगणांतले शेवगे वठले होते, तिथे माईंनी नव्या फांद्या दिल्या होत्या, शेणाचा गोळा, गोणपाट, नारळ, सगळं यथासांग. तर त्या कोवळ्या झाडांवरही घोंगडी. पुन्हा रविवार, पुन्हा अप्पांची ओटी. मी यावेळी बोलायचं नाही असं ठरवून दारात उभी होते. बोलणं हवेवर आलं, मग खाडीवरच्या कारखान्यांच्या धुरावर गेलं. कोपऱ्यातून बाबा म्हणाले, आवाज न चढवता, जणू पोस्टाच्या खिडकीतून पत्ता विचारतायत:

"अप्पा, यंदा कोणाचं उपटायचं?"

अप्पांनी चष्मा पुसला. मग कोणीतरी गटाराचा विषय काढला आणि सगळे अगदी तळमळीने गटारावर बोलू लागले.

मी हवेत होते. घरी जाऊन मी बाबांना चहा करून दिला, वर्षभरात पहिल्यांदा न मागता. आणि आश्विनात आमच्या झाडाला फुलं आली तेव्हा आईला न विचारता सगळी खुडली, पिशवी भरली, आणि कल्याणला गेले.

कॅम्पातल्या बराकी लांबच लांब, एकसारख्या, मध्ये पडदे बांधून घरं केलेली. देवीबाई दारात पापड लाटत होती. मला बघून तिने आधी बसायला पाट दिला, मग पाणी, मग पिशवीकडे पाहिलं. बराकीमागचं ते जुनं झाड विचारलं तर म्हणाली, गेलं, तिथे आता दुकानाचे गाळे आहेत. फुलं तिने तेव्हाच उकळायला ठेवली. सासरे आत खाटेवर होते. वास आल्यावर उठून बसले. तिने ताटली दिली. त्यांनी घास घेतला, हळूहळू चघळला, आणि ताटली बाजूला ठेवून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाले. देवीबाई म्हणाली, ते म्हणतायत, गोड आहे, आपली नाही ही.

मग मी तिला बैठकीचं सांगितलं. त्यासाठीच तर गेले होते. बाबांनी भर ओटीवर अप्पांना कसं विचारलं, कोणाला उत्तर कसं सुचलं नाही, ते सगळं, जरा रंगवूनच. ती लाटणं न थांबवता ऐकत होती.

"तेरे बाबा अच्छे आदमी आहेत, इंदू," ती म्हणाली. "हात वर केला तेव्हा पण अच्छेच होते."

तिने लाटलेला पापड माझ्याकडे सरकवला. मी तो उचलून बाहेर नेला आणि उन्हात पसरला.